रॉबर्ट कॉल्डवेल : मिशनरी, बिशप आणि भाषाभ्यासक

१. प्रस्तावना

मागील घटकांत आपण भाषाकुल ही संकल्पना पाहिली. मराठी ही भारतीय आर्य भाषाकुलातील, तर तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या द्रविड भाषाकुलातील, हे वर्गीकरण आज शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. ते सर्वमान्य करण्याचे श्रेय मुख्यतः ज्या ग्रंथाकडे जाते, त्याचा कर्ता विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडील एका खेड्यात राहून ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारा तो एक अँग्लिकन मिशनरी होता आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तो बिशप झाला. त्याचे नाव रॉबर्ट कॉल्डवेल.

कॉल्डवेल यांचे चरित्र अभ्यासण्याचे कारण केवळ गौरव हे नव्हे. भाषेविषयी त्यांनी मांडलेला मूळ सिद्धान्त दीड शतकानंतरही टिकून आहे. ज्या लोकांमध्ये ते राहिले, त्यांच्याविषयी लिहिलेले त्यांचे एक पुस्तक मात्र त्यांच्या हयातीतच वादग्रस्त ठरले. एकाच अभ्यासकाच्या दोन ग्रंथांचे भवितव्य इतके भिन्न का झाले, हा प्रस्तुत घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. पार्श्वभूमी : अँग्लिकन चर्च आणि बिशपपद

अँग्लिकन चर्च म्हणजे इंग्लंडचे राजमान्य चर्च आणि त्याच्याशी संलग्न अशी जगभरची चर्चे. या चर्चमध्ये धर्मसेवकांच्या तीन श्रेणी आहेत : डीकन, प्रीस्ट आणि बिशप. नव्या धर्मसेवकांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण करणे आणि आपल्या क्षेत्रातील मंडळ्यांवर देखरेख ठेवणे ही बिशपची कर्तव्ये होत. बिशप ज्या क्षेत्राचा प्रमुख असतो त्यास धर्मप्रांत म्हणतात.

ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना सहजासहजी येऊ देत नसे. १८१३ च्या सनदी कायद्याने ही परिस्थिती बदलली. १८१४ मध्ये कलकत्ता, १८३५ मध्ये मद्रास आणि १८३७ मध्ये मुंबई असे अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाले. बिशप हा चर्चच्या राजमान्य व्यवस्थेतील अधिकारी, तर मिशनरी हा बहुधा एखाद्या धर्मप्रसारक संस्थेने पाठविलेला कार्यकर्ता. मिशनरी बिशपच्या ठिकाणी या दोन्ही भूमिका एकत्र येतात. त्याला खेड्यातील माणसाशी त्याच्या भाषेत बोलावे लागते आणि त्याच वेळी दूरच्या सत्तेचा व संस्थेचा प्रतिनिधी म्हणूनही वागावे लागते. कॉल्डवेल यांचे यश आणि मर्यादा या दोहोंची मुळे या दुहेरी भूमिकेत सापडतात.

३. जडणघडण

कॉल्डवेल यांचा जन्म ७ मे १८१४ रोजी आयर्लंडमधील अँट्रिम परगण्यात एका स्कॉटिश कुटुंबात झाला. त्यांचे बालपण ग्लासगो शहरात गेले. तरुणपणी काही काळ त्यांनी डब्लिन येथे चित्रकलेचे शिक्षण घेतले. परंतु पुढे धर्मकार्याची ओढ प्रबळ ठरली. ग्लासगो विद्यापीठात शिकत असताना ग्रीक भाषेचे प्राध्यापक डॅनियल सँडफोर्ड यांच्या अध्यापनामुळे त्यांना तौलनिक भाषाशास्त्राची गोडी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शास्त्र युरोपात नव्याने आकार घेत होते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मन या भाषांची तुलना करून त्यांचे समान मूळ शोधण्याचे काम जोमाने चालू होते.

लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी म्हणून कॉल्डवेल जानेवारी १८३८ मध्ये मद्रासला पोहोचले. तेथे त्यांनी तमिळ भाषेचा कसून अभ्यास केला. १८४१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडून ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ या अँग्लिकन संस्थेत प्रवेश केला आणि मद्रासच्या बिशपकडून उटकमंड येथे दीक्षा घेतली. तिरुनेलवेली भागाकडे जाताना त्यांनी बराचसा प्रवास पायी केला. वर्षअखेर ते इडैयनगुडी या गावी पोहोचले. पुढील चार दशके हेच त्यांच्या जीवनाचे केंद्र राहिले.

४. इडैयनगुडीतील कार्य

इडैयनगुडीचा परिसर तांबड्या वाळूचा आणि ताडवृक्षांचा आहे. ताडावर चढून रस काढणे आणि त्याचा गूळ करणे हा तेथील बहुसंख्य लोकांचा व्यवसाय होता. हा व्यवसाय करणाऱ्या समाजाचा उल्लेख त्या काळी ‘शाणार’ असा होई. त्या समाजाने पुढे हे नाव अवमानकारक म्हणून नाकारले आणि १९२१ च्या जनगणनेपासून ‘नाडार’ या नावास अधिकृत मान्यता मिळाली. या घटकातही आपण ‘नाडार’ हाच शब्द वापरणार आहोत.

कॉल्डवेल यांनी गावाची आखणी केली, शाळा काढल्या आणि होली ट्रिनिटी चर्चच्या बांधकामास हात घातला. १८४७ मध्ये सुरू झालेले हे काम १८८० मध्ये पूर्णत्वास गेले. १८४४ मध्ये त्यांचा विवाह एलायझा मॉल्ट यांच्याशी झाला. एलायझा यांचे वडील चार्ल्स मॉल्ट हे नागरकोविल येथील मिशनरी होते. लहानपणापासून त्या परिसरात वाढल्यामुळे एलायझा यांना तमिळ उत्तम येत असे. त्यांनी मुलींची निवासी शाळा चालविली आणि मुलींना व स्त्रियांना लेस विणण्याची कला शिकवून उत्पन्नाचे एक साधन मिळवून दिले. कॉल्डवेल यांच्या चरित्रात या कामाचा उल्लेख अनेकदा एका ओळीत उरकला जातो. पण त्या भागातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

५. तौलनिक व्याकरण : सिद्धान्त आणि पद्धती

१८५६ मध्ये लंडन येथे कॉल्डवेल यांचे द्रविड अर्थात दक्षिण भारतीय भाषाकुलाचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध झाले. १८७५ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. या ग्रंथापूर्वी हेन्री कोलब्रुक आणि विल्यम कॅरी यांच्यासारख्या विद्वानांचे मत असे होते, की दक्षिणेतील भाषाही संस्कृतपासूनच निघाल्या आहेत. त्या भाषांत संस्कृत शब्द विपुल असल्याने हे मत सहज पटण्याजोगे होते. त्यास पहिला पुराव्यानिशी विरोध मद्रासमधील अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ मध्ये, एका तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात केला. म्हणजेच मूळ कल्पना सर्वस्वी कॉल्डवेल यांची नव्हती. अनेक भाषांमधील सामग्री एकत्र करून ध्वनी, नामविभक्ती, सर्वनामे, संख्यावाचके आणि क्रियापदे अशा प्रत्येक अंगाने तिची सविस्तर सिद्धता करणे, हे त्यांचे खरे योगदान होय.

त्यांच्या युक्तिवादाचे दोन आधार समजून घेऊ.

*(अ) मूलभूत शब्दसंग्रह.* भाषा परक्या भाषेतून शब्द उसने घेते. परंतु सर्वनामे, लहान संख्या, शरीराचे अवयव यांसाठीचे शब्द ती सहसा बदलत नाही. ‘मी’ या अर्थी तमिळमध्ये ‘नान्’, कन्नडमध्ये ‘नानु’ आणि तेलुगूमध्ये ‘नेनु’ असे शब्द आहेत. ‘दोन’ या अर्थी अनुक्रमे ‘इरण्डु’, ‘एरडु’ आणि ‘रेंडु’. ‘डोळा’ या अर्थी ‘कण्’, ‘कण्णु’ आणि ‘कन्नु’. या शब्दांचे परस्परांशी असलेले साम्य स्पष्ट आहे. संस्कृतमधील ‘अहम्’, ‘द्वि’ आणि ‘अक्षि’ यांच्याशी मात्र त्यांचा मेळ बसत नाही.

*(आ) व्याकरणिक रचना.* संस्कृतमध्ये ‘गृहे’ म्हणजे ‘घरात’ आणि ‘गृहेषु’ म्हणजे ‘घरांत’. येथे विभक्ती आणि वचन दोन्ही एकाच प्रत्ययातून कळतात. त्यांची फोड करता येत नाही. तमिळमध्ये ‘वीडु’ म्हणजे घर, ‘वीट्टिल्’ म्हणजे घरात, ‘वीडुगळ्’ म्हणजे घरे आणि ‘वीडुगळिल्’ म्हणजे घरांत. येथे ‘गळ्’ हा अनेकवचनाचा आणि ‘इल्’ हा अधिकरणाचा प्रत्यय स्वतंत्रपणे ओळखता येतो. एकवचन असो वा अनेकवचन, विभक्तीचा प्रत्यय तोच राहतो. उसन्या शब्दांमुळे अशी रचना निर्माण होत नाही. ती वंशपरंपरेने येते.

शब्द किती उसने आहेत यापेक्षा सांगाडा कोणाचा आहे हे पाहावे, असे या पद्धतीचे सार सांगता येईल. भाषाकुलाला नाव देताना त्यांनी ‘द्रविड’ हा शब्द निवडला आणि त्यासाठी मीमांसक कुमारिल भट्ट यांच्या ग्रंथातील उल्लेखाचा आधार घेतला. नामवंत साहित्यिक भाषांच्या बरोबरीने तुळू, कोडगू, तोडा, गोंडी यांसारख्या भाषांचाही त्यांनी या कुलात समावेश केला. लेखी साहित्य नसलेली भाषा ही सुद्धा तितकीच मोलाची साक्षीदार असते, ही दृष्टी त्यामागे आहे.

अर्थात या ग्रंथातील सर्वच मते टिकली असे नाही. द्रविड भाषांचे नाते ज्यांना ते ‘सिथियन’ म्हणत, त्या फिन्निश, तुर्की इत्यादी भाषांच्या गटाशी त्यांनी जोडले होते. आजचे भाषाशास्त्र हे मत मान्य करीत नाही. द्रविड कुलाची अंतर्गत सिद्धता मात्र भक्कम ठरली.

६. मराठीच्या अभ्यासकासाठी महत्त्व

आपल्या परंपरेत ‘पंचद्रविड’ या संज्ञेत द्रविड, तैलंग, कर्णाटक यांच्यासह महाराष्ट्र आणि गुर्जर यांचाही समावेश होतो. ही विभागणी ब्राह्मणसमाजाची आणि प्रदेशाची आहे, भाषेची नव्हे. कॉल्डवेल यांनी ‘द्रविड’ शब्दाला भाषाशास्त्रीय अर्थ दिला तेव्हा मराठी व गुजराती या भाषा त्या कक्षेबाहेर राहिल्या. एकच शब्द दोन व्यवस्थांमध्ये वेगळ्या अर्थाने वापरला जातो, हे ध्यानात न घेतल्यास गोंधळ उडतो.

मराठी आर्य कुलातील असली, तरी द्रविड भाषांचा सहवास तिला दीर्घकाळ लाभला आहे. महाराष्ट्राच्या आजच्या सीमेतही गडचिरोली, चंद्रपूर भागात गोंडी आणि यवतमाळ परिसरात कोलामी या द्रविड भाषा बोलल्या जातात. या सहवासाचा एक ठळक पुरावा आपण रोज वापरतो. ‘आम्ही निघालो’ असे म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण निघू’ असे म्हणताना तो सामील होतो. तमिळमध्ये हाच भेद ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’ या सर्वनामांनी, तर तेलुगूमध्ये ‘मेमु’ आणि ‘मनमु’ यांनी दाखविला जातो. संस्कृतमधील ‘वयम्’ किंवा हिंदीतील ‘हम’ यांत हा भेद नाही. मराठी व गुजराती भाषांतील हे वैशिष्ट्य द्रविड संपर्कातून आले असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

हा धागा पकडून पुढे बरीच चर्चा झाली. फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या जडणघडणीत आर्य व द्रविड भाषकांच्या मिश्रणाची प्रक्रिया कितपत आढळते, याचा १९७१ मध्ये विचार मांडला. मराठीत विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ या ग्रंथातून मराठी आणि तमिळ यांच्या संबंधांची मांडणी केली. या मांडण्या सर्वमान्य नाहीत; परंतु त्यांची चर्चा करण्यासाठी आवश्यक असलेली चौकट कॉल्डवेल यांच्या ग्रंथाने दृढ केली.

७. वादग्रस्त पुस्तक

व्याकरणाच्या सात वर्षे आधी, १८४९ मध्ये, कॉल्डवेल यांनी तिरुनेलवेलीच्या नाडार समाजावर एक छोटे पुस्तक मद्रास येथे प्रसिद्ध केले होते. या समाजाचा धर्म, नैतिक स्थिती आणि त्यांच्यामध्ये ख्रिस्ती धर्म पसरण्यास असलेल्या अनुकूल-प्रतिकूल गोष्टी, असा त्याचा विषय उपशीर्षकातच नमूद आहे. हा समाज श्रीलंकेच्या उत्तर भागातून आलेला असावा, असे मत त्यात मांडले होते. त्यांच्या उपासनेचे वर्णन भूतपूजा असे केले होते आणि त्यांच्या बौद्धिक पात्रतेविषयी अत्यंत हीन शेरे मारले होते.

पुस्तक इंग्रजीत होते. ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांच्यापैकी फारच थोडे ते वाचू शकत होते. मात्र मिशनच्याच शाळांमधून नाडार समाजाची शिकलेली पिढी पुढे आली, तेव्हा तिने हे पुस्तक वाचले आणि ती संतप्त झाली. समाजातील लेखकांनी आपला पूर्वेतिहास राजवंशाशी जोडणारी पुस्तके लिहिली आणि अधिकाऱ्यांकडे तक्रारअर्ज केले. या विरोधातील एक प्रमुख नाव अरुमैनायकम सट्टमपिल्लै यांचे. ते मिशनमधील धर्मशिक्षक होते. युरोपीय मिशनऱ्यांशी मतभेद झाल्यावर त्यांनी १८५७ मध्ये मिशनऱ्यांच्या अधिकाराबाहेर असलेले स्वतंत्र हिंदू-ख्रिस्ती चर्च स्थापन केले. ख्रिस्ती होण्यासाठी युरोपीय रीतिरिवाज स्वीकारण्याची गरज नाही, ही त्यांची भूमिका होती. अखेर कॉल्डवेल यांचे पुस्तक प्रसारातून मागे घ्यावे लागले.

आता या दोन ग्रंथांची तुलना करू. व्याकरण लिहिताना कॉल्डवेल यांनी प्रत्येक विधानाला उदाहरणांचा आधार दिला. एका भाषेला दुसरीच्या मापाने मोजले नाही. किंबहुना संस्कृतच्या मापाने तमिळला मोजणाऱ्यांचा त्यांनी प्रतिवाद केला. समाजाविषयी लिहिताना मात्र हीच शिस्त त्यांनी पाळली नाही. युरोपीय ख्रिस्ती समाजाचे माप त्यांनी गृहीत धरले आणि शेजाऱ्यांची परीक्षा त्यावर केली. भाषेच्या बाबतीत जो न्याय त्यांनी दाखविला, तो माणसांच्या बाबतीत दाखविला नाही. त्यांचे हेतू प्रामाणिक होते, जातिभेदाला त्यांचा कडवा विरोध होता, हे खरे. पण हेतूच्या शुद्धतेने पद्धतीतील दोष भरून निघत नाही.

८. बिशपपद आणि दुष्काळ

११ मार्च १८७७ रोजी कलकत्ता येथे कॉल्डवेल आणि त्यांचे समकालीन मिशनरी एडवर्ड सार्जंट यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. तिरुनेलवेली हा त्या वेळी स्वतंत्र धर्मप्रांत नव्हता. तो १८९६ मध्ये झाला. त्यामुळे हे दोघे मद्रासच्या बिशपचे साहाय्यक म्हणून काम पाहत. सार्जंट यांच्याकडे चर्च मिशनरी सोसायटीच्या, तर कॉल्डवेल यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या मंडळ्या होत्या.

हा काळ १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाचा होता. याच दुष्काळात मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हेही होरपळले. तिरुनेलवेली भागात मिशनतर्फे मदतकार्य झाले आणि त्याच सुमारास हजारो लोकांनी ख्रिस्ती धर्मशिक्षणासाठी नावे नोंदविली. अन्नाच्या आशेने आलेल्यांची श्रद्धा कितपत खरी मानावी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे घाईने निवाडा देऊ नये. भुकेच्या काळात मदत करणाऱ्याकडे माणूस वळतो, यात नवल नाही. त्याचबरोबर जातिव्यवस्थेत मिळत नसलेली प्रतिष्ठा, शाळा आणि संघटित आधार यांचेही आकर्षण होते. धर्मांतराची कारणे बहुधा एकेरी नसतात.

बिशपपदाच्या जबाबदाऱ्या सांभाळूनही त्यांचे संशोधन थांबले नाही. पांड्यांचे प्राचीन बंदर कोर्कै येथे त्यांनी उत्खनन केले. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १८८१ मध्ये त्यांचा तिरुनेलवेली जिल्ह्याचा इतिहास प्रकाशित झाला. जानेवारी १८९१ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ ऑगस्ट १८९१ रोजी कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले. इडैयनगुडीच्या चर्चमध्येच त्यांचे दफन करण्यात आले.

९. वारसा

कॉल्डवेल यांना अपेक्षित असलेला वारसा चर्चचा होता. प्रत्यक्षात तो त्याहून फार मोठ्या क्षेत्रात पसरला. तमिळ भाषा संस्कृतच्या आधाराविना स्वतंत्रपणे उभी राहू शकते, या त्यांच्या प्रतिपादनाने तमिळ भाषकांच्या आत्मभानाला बळ मिळाले. विसाव्या शतकातील द्रविड चळवळीने भाषाकुलाचे हे नाव राजकीय व सामाजिक ओळख म्हणून स्वीकारले. १९६८ मध्ये जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभारण्यात आला आणि २०१० मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. भाषाकुल म्हणजे वंश नव्हे. एका कुलातील भाषा बोलणारे सर्व लोक एका वंशाचे असतात, असे मानता येत नाही. लोक भाषा बदलतात आणि शिकतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांप्रमाणे कॉल्डवेल यांच्या लेखनातही भाषा आणि वंश यांची सरमिसळ होते. त्यांचा भाषाशास्त्रीय पुरावा स्वीकारताना ही सरमिसळ बाजूला ठेवावी लागते.

१०. समारोप

कॉल्डवेल यांनी तमिळचा अभ्यास धर्मप्रसारासाठी आरंभिला. परंतु त्यातून निर्माण झालेले ज्ञान त्या हेतूपुरते मर्यादित राहिले नाही. ज्या ठिकाणी त्यांनी पुराव्याला प्रथम स्थान दिले, तेथे त्यांचे निष्कर्ष टिकले. ज्या ठिकाणी आधीच ठरविलेल्या मापाने त्यांनी माणसे जोखली, तेथे त्याच माणसांच्या पुढच्या पिढीने त्यांना उत्तर दिले. कोणत्याही अभ्यासकाचे मूल्यमापन करताना त्याचा हेतू, त्याची पद्धती आणि त्याचे निष्कर्ष या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात, हा या घटकाचा निष्कर्ष होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. दक्षिणेतील भाषा संस्कृतोद्भव नाहीत हे सिद्ध करण्यासाठी कॉल्डवेल यांनी वापरलेले दोन आधार सोदाहरण स्पष्ट करा.

२. ‘पंचद्रविड’ आणि ‘द्रविड भाषाकुल’ या संज्ञांमधील फरक सांगा.

३. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद तुमच्या बोलीत पाळला जातो का? आपल्या परिसरातील पाच वाक्ये नोंदवून उत्तर लिहा.

४. कॉल्डवेल यांच्या १८४९ व १८५६ च्या ग्रंथांची अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने तुलना करा.